पडद्यामागची आत्या

आमच्या आत्याबद्दल गल्लीत एक बातमी कायम फिरत असते. ती म्हणे तार कानाला लावते, डोळे मिटते आणि आत तांबं आहे की चांदी ते सांगते. खालच्या मजल्यावरचा शिंपी यात पुढचं प्रकरणही जोडतो. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाने घरी केबल उलटी जोडली होती, तो जिना चढत असतानाच आत्याने ते ओळखलं आणि त्याला आल्या पावली परत पाठवलं. मी सगळ्यांच्या नकला करते, आणि शिंप्याचा आवाज काढायचा तर ओठ मिटूनच बोलावं लागतं, कारण त्याच्या ओठांत नेहमी टाचण्या असतात. "शपथेवर सांगतो, जिन्यातनं ओळखलं. अजून दाराला हातही लागला नव्हता त्याचा."

खरी गोष्ट अशी आहे. आत्या तार कानाला लावत नाही, दातात धरते. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डरची तार, आणि तिसरा हात कुणालाच मिळालेला नाही, म्हणून केबलचं टोक दाताखाली. एकदा दार उघडं होतं आणि कुरियरवाल्याने तिला तशी पाहिली. मान वाकडी, धुरामुळे डोळे मिटलेले, गालाशी तार. तो खाली पोचेपर्यंत तार गालावरून कानावर गेली होती. शिंप्याने ती चांदीची केली. बाकीचं गल्लीने केलं. बडं गिऱ्हाईक परत गेलं हे मात्र खरं. आत्या जेवत होती.

आत्या केबल बनवते. घरोघरी टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या असतात तसल्या नाही. काही माणसांना गाणं ऐकण्याची इतकी हौस असते की ती त्यासाठी एक वेगळी खोली ठेवतात. ट्रंकेएवढा अ‍ॅम्प्लिफायर, माझ्या खांद्याला लागतील एवढे स्पीकर, रेकॉर्ड फिरवायला दगडी पाटावर बसवलेली तबकडी. या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारी केबल आत्या हाताने करून देते. बाजारात याच कामासाठी बागेतल्या पाइपाएवढ्या जाड केबल मिळतात, मखमली डब्यात झोपवलेल्या. डब्यावर लिहिलेलं असतं की हिने आवाज रेशमी होतो, खोल होतो, मोकळा श्वास घेतो. आत्या असा डबा हातात घेते, मजकूर मन लावून वाचते आणि म्हणते, "डबा छान आहे. शिवणाच्या सामानाला होईल."

तिचं म्हणणं साधं आहे, आणि ती ते इतक्या वेळा सांगते की झोपेतसुद्धा मी ते तिच्या आवाजात म्हणू शकेन. तिचं वाक्य संपताना कडी लागल्यासारखं संपतं. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? केबलने काही आणायचं नसतं. दिलंय ते न सांडता पोचवायचं असतं. चांगला पोस्टमन पत्र वाचतो का? फाडतो का? भिजवतो का?" इथे कडी. पुढे बोलायची सोय नाही.

पण म्हणून "सगळ्या केबल सारख्याच हो" असं म्हणत कुणी शहाणा आला, तर त्याचीही धडगत नसते. त्याच्यासाठी एक कपाट आहे. त्यात आत्याने वाईट केबल जपून ठेवल्या आहेत, लोक चांगल्या वस्तू जपतात तशा. एक बारीक आणि लांबलचक, मोठ्या स्पीकरला लावली की खालचा सूर ढिला पडतो, जुन्या पायजम्याच्या नाडीसारखा. एकीच्या वरची जाळी नीट गुंडाळलेली नाही, ती शेजारच्या विजेच्या वायरचं गुणगुणणं घेऊन येते. एक तबकडीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नको इतकी लांब नेलेली, तिच्यात वरचे सूर वाटेतच जिरतात. एकीचा प्लग काळा पडलाय, ती अधूनमधून खाकरते. शहाण्याला या चौघी ऐकवल्या जातात आणि मग चहा दिला जातो. चहा चांगला असतो, त्यामुळे भांडण राहत नाही.

ऐकवण्याची तिची पद्धत मात्र जगावेगळी आहे. शिंप्याच्या दुकानाच्या वर तिच्या दोन खोल्या. पहिलीत काम. भिंतीवर खुंट्यांना केबलची वेटोळी, टेबलावर तारा सोलायचा चिमटा, मीटर, आणि केस वाळवायचं यंत्र. आत्याच्या केसांनी ते कधी पाहिलेलं नाही. प्लगवर चढवलेली रबरी नळी त्याच्या वाऱ्याने आक्रसून घट्ट बसते. दुसऱ्या खोलीत एक मधोमध खचलेला सोफा, दोन स्पीकर, आणि स्पीकरांच्या मागे भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड पडदा. अ‍ॅम्प्लिफायर आणि केबल सगळं पडद्यामागे. गिऱ्हाइकाने सोफ्यावर बसायचं. आत्या पडद्यामागे जाते, केबल बदलते, गाणं लावते आणि विचारते, "कसं वाटतंय?" गंमत अशी की कधी ती केबल बदलते, आणि कधी नुसती खुडबुड करते. प्लग काढल्याचा आवाज, घातल्याचा आवाज, एक सुस्कारा. केबल तीच.

आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर येतात. या खुडबुडीवर त्यांच्याइतकं सुंदर कुणी बोलत नाही. त्यांना सगळ्यांची तोंडं उघडी असताना एकट्याने बोलायची सवय आहे, त्यामुळे वाक्य लांब, मऊ आणि मध्येच थांबणारं. "हां... आता बघा... आता गायिका दोन पावलं पुढे आली. आणि मागे... मागे हवा आली. हवा जाणवतेय मला." पडद्याआडून आत्या सांगते, "डॉक्टर, केबल तीच आहे." ते अजिबात शरमत नाहीत. "असं? मग हवा माझ्यात आली असेल," असं म्हणून खदखदून हसतात, आणि निळ्या विणीची केबल घेऊन जातात, कारण त्यांना निळा रंग आवडतो. आत्यालाही ते आवडतात. निळा रंग आवडतो म्हणून निळी केबल घेणारा माणूस तिच्या मते सरळ माणूस.

आणखी एक तपासणी आहे, तिचं नाव आतोबा. म्हणजे आत्याचे यजमान. ते शाळेची बस चालवतात. दुपारी पोरांना सोडून आले की सोफ्याच्या खचलेल्या भागात येऊन बसतात, तो भाग त्यांनीच खचवलाय. आवाज बरोबर असेल तर आतोबा तिसऱ्या मिनिटाला घोरतात. वरचे सूर जरा जरी टोचणारे झाले तरी त्यांना झोप लागत नाही, ते सोफ्यावर कुशी बदलत राहतात. आत्या मीटर बघते, मग नवऱ्याकडे बघते. दोघांचं पटलं तर केबल गिऱ्हाइकाकडे जाते. एकदा आतोबा तक्रार करत होते की लग्नानंतर तू माझं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकू दिलं नाहीस. आत्या म्हणाली, मी तर सगळी लावली, तुम्हीच थांबला नाहीत.

हे सगळं तिला आलं कुठून, तर जमिनीखालून. तरुणपणी ती टेलिफोन खात्यात केबल जोडायची. रस्त्यात खड्डा, खड्ड्यावर तंबू, तंबूत दिवा, आणि मनगटाएवढ्या केबलमधून निघालेल्या शेकडो रंगीत तारा. कुणाची कुणाला जोडायची ते रंगांवरून ओळखायचं. एक चुकली तर एकाच्या मुलीच्या सासरचा फोन दुसऱ्याच्या घरी वाजायचा. ती म्हणते की तिथे तिला दोन गोष्टी कळल्या. सांधा नीट असेल तर तार आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आणि सांधा बिघडला की लोक आधी समोरच्या माणसावर चिडतात. "ऐकू येत नाही का तुला?" असं ओरडतात. त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

मग फोन बिनतारी झाले, खड्डे बुजले, आणि आत्या घरी बसली. तिला बाहेर काढलं ते ट्यूनर आजोबांनी.

ट्यूनर आजोबा आमचे कुणी नव्हेत. ते पियानो आणि पेट्या सुरात लावून द्यायचे, शाळांच्या, प्रार्थनाघरांच्या, हौशी श्रीमंतांच्या. दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहतात. काम सोडल्यावर त्यांनी सगळी कमाई एका स्टिरिओत ओतली, आणि एक दिवस त्यांना कुणीतरी सांगितलं की शिंप्याच्या वर एक बाई तारांचे सांधे फार चांगले करते. ते केबल घेऊन आले. आत्याने जोडून दिली. त्यांनी ती घरी नेऊन ऐकली, परत आले आणि म्हणाले, "हं. पुन्हा कर."

हा "हं" मी फार मेहनतीने मिळवला आहे. तो नाकातून निघतो, छातीत उतरतो आणि तिथेच बसतो. त्यात होकार नसतो, नकार नसतो, नुसतं ऐकणं असतं. त्यांच्या "हं"नंतर समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागतो.

आत्याने केबल पुन्हा केली. पुन्हा "हं". असं बरेच दिवस चाललं. दुसरी कुणी असती तर म्हाताऱ्याला जिना दाखवला असता. आत्या हट्टाला पेटली, कारण म्हातारा नुसतं "पुन्हा कर" म्हणत नव्हता, शेजारी बसवून ऐकायला शिकवत होता. हा डाव्या बाजूचा तंबोरा ऐक, मागे सरकलाय. ही झांज ऐक, वाजल्यावर तिची शेपटी किती लांब जाते ते मोज. पडद्याची कल्पनाही त्यांचीच. ते म्हणायचे, "डोळे फार चोंबडे असतात. कानाला बोलू देत नाहीत." आत्या आज जे काही ऐकते ते या माणसाच्या कानाने. हे तिचंच वाक्य आहे, आणि ते म्हणताना तिच्या आवाजात कडी लागत नाही.

तर या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी आजोबा जिना चढून आले. धापा टाकत सोफ्यावर बसले आणि म्हणाले की केबल मेली. कुणीतरी स्पीकरवर पांघरूण टाकलंय असा आवाज येतो. झांजांची शेपटी तुटलीय. आत्याने जुनी केबल तपासली, ठणठणीत होती. तरीही नवी करून दिली, काकांचा शब्द तिच्याकरता मीटरच्या वरचा. ती त्यांना काका म्हणते. आठवड्याने काका परत. पांघरूण तसंच. तिने आणखी एक केली, वेगळ्या तारेची, नवे प्लग लावून. ती घेऊन गेले आणि त्याच संध्याकाळी परत आले, केबल टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे टाकलीच.

"हात गेला तुझा," ते म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांचा जातो."

त्यानंतर मी आत्याला जे करताना पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. तिने स्वतःचे जुने सांधे कापून उघडून पाहायला घेतले. भिंगाखाली धरून. एकही कच्चा निघाला नाही, तरी ती पुढचा कापायची. चिडचिड नव्हती, बोलणं मात्र कमी झालं. आतोबा म्हणाले की अगं, म्हातारा माणूस आहे, बोलून गेला. आत्या म्हणाली की तो माणूस बोलून जात नाही, ऐकून बोलतो. इथेच सगळ्यांची चूक होत होती, आणि ती चूक याच मंडळींना करता येते. आवाज बिघडला की तारेत शोधायचं, प्लगमध्ये शोधायचं, विजेच्या बटणात शोधायचं. तारेच्या पलीकडे कुणी बसलंय हे मनातच येत नाही.

ते तिच्या मनात आलं आजोबांच्या घरी. सगळी जोडणी एकदा तिथेच तपासू म्हणून ती गेली, मीही गेले, मला त्यांच्या घराचे आवाज हवे होते. छोटी स्वच्छ खोली, स्पीकरांमध्ये एकच खुर्ची. आत्या भिंतीशी वाकून एकेक सांधा बघत होती. आजोबा खुर्चीत बसून तिला टोमणे मारत होते, की डोळ्यांत तेल घालून बघ, नाहीतर पुन्हा मलाच यावं लागेल जिना चढून. आणि स्वयंपाकघरातून बारीक टीं, टीं, टीं असा आवाज येत होता. फ्रिजचं दार नीट लागलं नव्हतं. मी म्हटलं, थांबेल. थांबला नाही. मी आत्याकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती, पण हात थांबले होते. ती आजोबांकडे बघत होती. जो माणूस बंद दारामागून पियानोची एक पट्टी उतरलेली ओळखायचा, त्याच्या घरात एक यंत्र ठणाणा करत होतं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती.

आत्या उठली, आत गेली, फ्रिजचं दार लावलं आणि येऊन पुन्हा वाकली.

पण आत्या नुसत्या फ्रिजवर विश्वास ठेवणारी बाई नाही. तिने आजोबांना पडद्याच्या खोलीत बोलावलं. कपाटातली ती वरचे सूर जिरवणारी केबल काढली, तिच्या दोन तारांमध्ये वरचे सूर गिळणारा एक छोटा कपॅसिटर बसवून तिला आणखी वाईट केलं. झांजा त्या केबलमधून आल्या की कुणी पोतं आपटतंय असं वाटायचं. मग चांगली केबल, मग ही, मग चांगली. आतोबाही म्हणाले की अरे, हे काय लावलंय. आजोबा सोफ्यावर ताठ बसले होते, डोळे मिटून, हनुवटी जरा वर, एखाद्या मूर्तीसारखे. पडद्याआडून आत्याने विचारलं, "कसं वाटतंय काका?"

"खुडबुड करतेयस नुसती," ते हसून म्हणाले. "केबल तीच आहे. मला फसवतेस?"

पडद्यामागे प्लग काढल्याचा आवाज झाला. मग आत्याचा आवाज आला, "चहा टाकते."

आता प्रश्न असा होता की सांगायचं कसं, आणि सांगायचं का. डोळे गेले तर माणूस चष्मा लावतो, दात गेले तर आमचे डॉक्टर आहेत. या माणसाकडे कान सोडून दुसरं काही नव्हतंच. बायको, पोरं, घरदार, काहीही त्याने कधी मिरवलं नाही. कान मिरवला. आणि तो कान ज्याने आत्याला उसना दिला, त्यालाच जाऊन सांगायचं की तुमचा संपत आलाय. सांगितलं आणि म्हाताऱ्याने जिना चढणं सोडलं तर? न सांगावं तर तो रोज त्या एका खुर्चीत बसून मेलेल्या झांजा ऐकणार, आणि दोष हिच्या हाताला देणार.

तोड डॉक्टरांनी काढली. ते निळ्या केबलला लाल जोड घ्यायला आले होते. त्यांचं म्हणणं, अशी केबल कर की जी वरचे सूर पुढे आणेल, गुपचूप देऊन टाक, म्हातारा खूश, तुझा हातही परत आला. "आम्ही नाही का... तोंडात काय घातलंय ते पेशंटला... प्रत्येक वेळी थोडंच सांगतो," असं ते म्हणाले, मऊ आवाजात, थांबत थांबत.

आणि आत्याने तशी केबल केली. जिने आयुष्यभर सांगितलं की केबलने काही आणायचं नसतं, तिने मधोमध काडेपेटीएवढी डबी असलेली केबल केली. डबीत खालच्या सुरांना अडवायची सोय, वरच्यांना मोकळी वाट. मग अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवायचा, की वरचे सूर सगळ्यांच्या पुढे. आम्ही ती ऐकली तेव्हा दातात वाळू आल्यासारखं झालं. आतोबा सोफ्यावरून उठून बाहेरच गेले. पण आजोबांच्या कानाला ती बरोबर बसली असती. कुठले सूर किती पुढे येतात ते आत्याने मीटरवर मोजून पाहिलं होतं.

केबल तयार होऊन टेबलावर पडली होती, आणि आत्या ती नेऊन देत नव्हती. मी विचारलं, आता काय अडलंय? ती म्हणाली की हे औषध आहे, आणि औषध नाव सांगून द्यायचं असतं. पडदा ज्यांनी शिकवला त्यांनाच पडद्याआडून फसवायचं म्हणजे फारच झालं. उद्या बोलावते आणि सांगते.

मी म्हटलं, गेला तुझा काका. तो काय म्हणेल ते मी आत्ताच म्हणून दाखवते. आणि मी म्हणून दाखवलं. छातीतला "हं", मग टाळ्याला लागलेली जीभ, मग सावकाश: "हं. आता केबल बनवणारी कान तपासणार. आधी स्वतःचे तपास, बाई." आणि मग काठीची टकटक, मग जिना, आणि तो जिना कायमचा बंद. इतकं हुबेहूब जमलं की दारातून परत येणारे आतोबा दचकले.

आत्या हसली नाही. तिने चिमटा खाली ठेवला. "हे नाही म्हणणार ते."

"पैज?"

"पैज. ते एकच विचारतील. कुठल्या सुरापासून?"

मी म्हटलं, असं कोण विचारतं? तुला कोणी सांगितलं की घर पडलंय, तर तू विचारशील का की कुठल्या विटेपासून? ती म्हणाली, गवंडी असते तर विचारलं असतं. मग तिने अट घातली. मी हरले तर आत्ता काढला तो आवाज मी आजोबांसमोर काढून दाखवायचा, त्यांच्या तोंडावर. ती हरली तर ती मला तिचा आवाज शेजारपाजारी हवा तिथे काढू देणार, अगदी शिंप्याच्या दुकानातही, आणि तक्रार करणार नाही. मला सौदा फारच बरा वाटला. आजोबांना मी आवाजाने ओळखत होते, आणि आवाजाने ओळखलेला माणूस कधी चुकत नाही अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा आले. आत्याने पडदा बाजूला सारला. पूर्ण, भिंतीपर्यंत. मी तो कधी असा उघडा पाहिला नव्हता. मागे काही विशेष नव्हतं, एक फळी, अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, एक झाडू. ती सोफ्यावर त्यांच्या शेजारी बसली आणि सगळं सांगितलं. फ्रिजचं सांगितलं. वाईट केबलचं सांगितलं, ती लावली तेव्हा तुम्ही केबल तीच आहे म्हणालात हे सांगितलं. आवाज हळू केला नाही, गोड केला नाही. "काका, केबल ठीक आहे. माझा हात ठीक आहे. वरचे सूर तुमच्यापर्यंत पोचत नाहीयेत."

आजोबांनी हात गुडघ्यांवर ठेवले. त्या हातांकडे ते बघत राहिले. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, थांबलं, परत चालू झालं. मी मनातल्या मनात "हं"ची वाट पाहत होते, कारण "हं" आला की पुढचं माझंच होतं.

"हं" आलाच नाही. त्यांनी घसा साफ केला, मान वर केली आणि विचारलं, "कुठल्या सुरापासून?"

आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही. ती उठली, एक एक सूर वाजवणारं यंत्र लावलं, आणि दोघं कामाला बसले. ती सूर चढवत जायची, ते ऐकू येईल तिथवर बोट वर धरायचे. खालचे, मधले, पियानोची सगळी पांढरी-काळी पट्टी पार झाली तरी बोट ताठ. मग आणखी वर, जिथे सुराची शीळ होते, तिथे बोट अर्धं वाकलं. तिथून पुढे ते हळूच गुडघ्यावर टेकलं. मला अजून ऐकू येत होतं, आतोबांनाही. आजोबा मात्र खोलीकडे असं बघत होते जसं गाडी सुटल्यावर रुळाकडे बघतात.

"परत खाली आण," ते म्हणाले. बोट पुन्हा वर आलं. "हां. इथे भिंत आहे. पियानोच्या पलीकडे आहे तर." दोनदा तिथेच वरखाली करायला लावलं, भिंत कुठे आहे ते पक्कं केलं. मग त्यांना डबीची केबल दाखवली. त्यांनी ती कपॅसिटरसकट समजून घेतली, ऐकली, झांजांपाशी डोळे बारीक करून बसले आणि म्हणाले, शेपटी आहे, पण कुत्रा बदललाय. तरी घेऊन जातो. आणि दोन्ही केबल घेऊन गेले नाहीत, एकच नेली, डबीची. चांगली तिच्याकडे ठेवली. म्हणाले की ही तू ऐक, आणि काय ऐकू येतं ते मला येऊन सांगत जा, दर आठवड्याला. खोटं सांगितलंस तर कळेल मला.

ते उठायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, थांबा काका, या पोरीचं काहीतरी देणं आहे.

पळायला जागा नव्हती, दारात आतोबा उभे होते. मी खोलीच्या मध्ये उभी राहिले आणि ज्या माणसाचा आवाज, तो त्याच्यासमोरच काढला. नाकातला "हं", छातीतला "हं", आधी स्वतःचे तपास बाई, सगळं. कान लाल झाले होते, पण मेहनतीत काटकसर केली नाही.

आजोबा हनुवटी वर करून, डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"अर्धा सूर चढा लागलाय," ते म्हणाले. "उतरव, आणि पुन्हा कर."